टेकडी गहाण पडण्याची चार कारणं

सोमवार, ३ जून

सगळ्यांत आधी टपकली ती जवानिस, दुसरं कोण असणार! सारोंग गुडघ्यापर्यंत भिजलेला, तोंडात पानाचा तोबरा, आणि खालच्या पायरीवरूनच बोंब, “नुरबाया, अगं परदेशी लोकांची गाडी ओढ्यात रुतलीय. माझ्याकडे यायला निघालेत!” तिच्याकडे म्हणे! गाडी निघाली, चिखल धुतला, आणि ती माणसं तिच्या दारावरून सरळ पुढे, आपल्या अंगणात. गावात शिंगांसारख्या टोकांच्या छपराचं मोठं घर एकच उरलंय हे पादांगच्या दुभाष्यालासुद्धा माहीत. मग जवानिस मागून आली आणि चटईवर पहिली तीच बसली. बसू दे. शेजारीण आहे, मेली तर आपल्यालाच उचलायचीय.

फोनवर तू मध्येच ठेवून देतेस, देस्मा, म्हणून पत्र लिहितेय. पत्र ठेवून दिलं तरी ते तिथेच पडून असतं. अक्षराला हसू नकोस. मी शाळेत गेले ती मास्तरांच्या शेळ्या राखायला, तेवढ्यात कानावर पडलं ते शिकले.

तर पाहुणे हिंदुस्तानातून आलेत. एक बाई, केस पुरुषासारखे कापलेले, आणि तिच्याबरोबर एक मुका. मुका नव्हे, पण बोलत काही नाही, नुसती माती उकरून पिशवीत भरतो. बाईचं काम काय, तर आपल्या देशात हिंडायचं आणि कुठल्या धंद्यात पैसा पेरला तर उगवेल ते आपल्या मालकाला कळवायचं. केरिंचीची दालचिनी बघून आली, किनाऱ्यावरचे नारळ बघून आली, दोन्ही नापसंत. मी पानाचं तबक पुढे केलं. अगं, तिने पान उचललं, शीर काढली, चुना लावला, आपला गंबीर कुस्करून टाकला आणि सरकवलं गालात, जशी याच घरात लहानाची मोठी झाली! म्हणाली, “आमच्याकडे याला काथ म्हणतात, आजी. आमच्या लोकांची तोंडं तुमच्या डोंगरामुळे लाल होतात. फक्त तुमच्या काथात माती किती असते तेवढं सांगा.”

सगळे हसले. जवानिस नाही हसली. ओढ्याकाठची निम्मी माती तिच्याच वड्यांतून परदेशी गेलीय.

मग बाईचे प्रश्न. एक झाड किती वर्षं पाला देतं, पावसात रस्ता चालतो का, वीज कधी जाते, बंदर किती लांब, मजूर कुठून आणता, आणि गावात कुणाचं कुणाशी पटत नाही. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दुपार पुरली नाही. हेंद्री, म्हणजे तो दुभाष्या, डोक्याला इतकं तेल की माशी घसरावी, तो मध्येच म्हणतो, “आजी, थोडक्यात सांगा.” मी म्हटलं, “थोडक्यात भांडलो असतो तर थोडक्यात सांगितलं असतं.”

जमीन कुणाची, विचारलं. मी म्हटलं, बायकांची. आईकडून मुलीकडे जाते. पुरुष नुसते बोलतात. बाईने टाळ्या वाजवल्या. तिच्या आजीच्या नावावर म्हणे घराची खिडकीसुद्धा नव्हती. “किती छान गाव आहे तुमचं!” असं तीनतीनदा म्हणाली. मग फिरायला नेलं तर तुझ्या आईच्या टेकडीपाशी थांबली ती हलेच ना. मुक्याने तिथली माती दोन पिशव्या भरली.

तुझं पत्र मिळालं. मार्निसने वाचून दाखवलं, मग मी पुन्हा वाचलं, कारण तुझी मावशी आपल्या मनाचं घालून वाचते. याफ्रिलच्या पाठीवर ओंडका पडला, कामाचा परवाना संपत आला, आता त्याला आणि पोरीला घेऊन घरी यायचं म्हणतेस. आईच्या टेकडीवर काथ करून पोट भरू म्हणतेस. दुसरं ठिकाण नाही म्हणतेस. वाचलं हो. बोलू त्यावर. पोरीला दात आले का?

गुरुवार, १३ जून

पाहुणे पुन्हा आले! बाईने माझ्यासाठी हिंदुस्तानी शाल आणली. या उकाड्यात शाल! पण जवानिस दारात उभी होती म्हणून मी ती पांघरून बसले, घाम निथळला तरी सोडली नाही.

त्यांना तुझ्या आईची टेकडी हवीय. दुसरी कुठलीच नको. रस्त्याला लागून, सकाळचं ऊन, पायथ्याशी पाणी. पाला उकडायची भट्टी, पिळायचं यंत्र, वड्या वाळवायला काचेचं छप्पर, असं सगळं तिथे उभं करणार. तीस वर्षं ठेवणार, मग परत करणार. मी म्हटलं, तीस वर्षांनी मी घ्यायला येते.

माझ्या भावाने सगळ्यांना बोलावलं. कुळाचा मुखिया, दातुक सिनारो, झाल्यापासून त्याला बसतानासुद्धा घसा खाकरावा लागतो. म्हणाला, “वंशाची जमीन विकायची नसते. गहाण टाकायची तर चारच कारणं. घरात मढं आहे आणि पुरायला पैसा नाही. मोठ्या घराचं छप्पर गळतंय. कुळाला नवा मुखिया बसवायचाय. नाहीतर घरात घोडनवरी आहे आणि तिचं लग्न अडलंय. पाचवं कारण आमच्या पूर्वजांना सुचलं नाही.”

हेंद्री म्हणाला, “चारातलं एखादं निघतंय का बघा ना, दातुक. कंपनीला कुठलंही चालेल. पण सगळं रीतीने झालं, असं बाईंना मालकाला कळवायचंय.”

मग बसलो शोधत. तुला सांगते, ईदच्या दिवशीसुद्धा इतकी मजा येत नाही.

छप्पर म्हणावं, तर मार्निस कडाडली, “गेल्या वर्षी पत्रे घातलेत माझ्या लेकाने. कुणी भोक पाडायला वर चढला तर शिडी काढून घेईन, बसा मग वरच.” मुखिया म्हणावा, तर दातुक म्हणाला, “मुखिया बसलेला आहे, दिसत नाही का?” मढं म्हटल्यावर सगळे हळूहळू माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “माझ्याकडे बघू नका. फणसाची आमटी चुलीवर आहे, ती खाल्ल्याशिवाय मी कुठेही जात नाही.”

जवानिस विचारते, “आणि आमटी संपल्यावर?”

“संपल्यावर तुझ्या घरची खायला येईन.”

राहिली घोडनवरी. पण आपल्या घरात तिरळीचंसुद्धा लग्न झालं, घोरणारीचंही झालं. दातुकने हात झटकले. हेंद्री चपला शोधायला लागला. बाईचं तोंड एवढंसं झालं, आणि मला मनापासून वाईट वाटलं गं, एवढ्या लांबून आलेली पोर. तेव्हा मी म्हटलं, “आहे की घोडनवरी. आपली देस्मा.”

मार्निस म्हणाली, “आई, देस्माला नवरा आहे. मूल आहे.”

“कुठला नवरा?” मी म्हटलं. “याफ्रिल कोण? पिलियांग कुळाचा. देस्मा कोण? पिलियांग. दोघं याच दातुकच्या छत्राखालची. एका कुळातली म्हणजे भाऊ-बहीण. तेव्हा याच चटईवर बसून आपण सगळ्यांनी ठरवलं, की हे लग्न झालंच नाही. झालंच नाही तर पोरगी बिनलग्नाचीच ना?”

दातुक इतका हसला की पानाची पिंक शर्टावर सांडली. हेंद्रीने चपला परत काढल्या. बाईने विचारलं काय झालं, तर हेंद्री म्हणाला, “कारण सापडलं. खूप आनंदाचं कारण आहे, लग्नाचं.” बाईने मला मिठी मारली.

आता तुला वाटेल, टेकडी माझ्या आईची, मला कुणी विचारलं का. पोरी, बिनलग्नाच्या मुलीच्या वतीने मामा बोलतो, आणि माझा भाऊ तुझ्या आईचा मामा. लग्न झालेली असतीस तर तुला विचारावंच लागलं असतं.

शनिवार, २९ जून

तुझा फोन जवानिसच्या फोनवर आला ते बरं झालं, निदान गावाला पुन्हा सांगत बसायला नको. तू इतकी ओरडलीस की मी फोन हातभर लांब धरला, तरी सगळ्यांना ऐकू आलं. “आजी, तुला काळीज आहे का?” आहे गं. तू मला न सांगता पहाटेच्या गाडीने गेलीस तेव्हा ते होतं, तुझ्या आईला पुरलं तेव्हाही होतं, आणि त्या दोन्ही दिवसांत फार फरक नव्हता. तिकडे परदेशात, जोहोरच्या मौलवीने लग्न लावलं म्हणतेस. मौलवी देवापुढे लावतो, ते देव बघेल. कुळापुढे मौलवी काय करणार?

“माझी पोरगी मग काय आभाळातून पडली?” असं विचारलंस. पोरगी आपली आहे. आईचं कुळ तेच लेकीचं, त्यात बापाचा संबंध येतोच कुठे? जावई म्हणजे तोडलेल्या खोडावरची राख, वारा आला की गेली. आणि याफ्रिल तर राखसुद्धा नव्हे.

आता लग्नासाठी टेकडी गहाण टाकायची म्हणजे लग्न तर करायला हवं. नाहीतर पूर्वजांना फसवल्यासारखं होईल. म्हणून नवरा बघितला. भाताच्या गिरणीचा तान बासा. बायको मागच्या रमजानात गेली. माणूस चांगला आहे, समोरचे दात नाहीत, पण त्यामुळे शिव्या दिल्या तरी कळत नाहीत. मार्निस म्हणते, “आई, तो माझ्याहून मोठा आहे.” मग? लहान नवरा केलेला बघितला आपण, कुठे घेऊन गेला तो. तान बासा पोरीला सांभाळायला तयार आहे. आणखी काय हवं?

बाई काल येऊन गेली. टेकडीवर खुंट्या ठोकल्या, त्यांना लाल दोऱ्या बांधल्या. तुझ्या आईची पाला पिळायची झोपडी मजुरांनी उतरवली. लाकूड अजून घट्ट निघालं बघ, तिने स्वतः निवडून आणलं होतं. मी घरी आणून ठेवलंय. मांडवाला उपयोगी पडेल.

जाता जाता बाईने मला बाजूला घेतलं. हेंद्रीला म्हणाली, “आजींना विचार, मुलगी खूश आहे ना?” भली बाई आहे. मी म्हटलं, “आनंदाने वेडी झालीय. परवाच फोन होता, रडू आवरत नव्हतं.” यात काय खोटं आहे? बाईचे डोळे भरून आले. म्हणाली, मी मालकाला लिहिणार आहे, की इथे बायकांची जमीन आहे, बायकांनी आपण होऊन दिलीय, आणि त्यातून एका अनाथ मुलीचं लग्न होतंय, यापेक्षा चांगली गुंतवणूक कुठली!

तू नाही आलीस तर काय, असं मार्निसने विचारलं, हेंद्रीच्या समोरच. तो म्हणाला, “मावशी, मांडव दिसला की झालं.” तर कागदाला तुझी गरज नाही. मला आहे. तुझी खोली मी झाडून घेतलीय. पोरीसाठी पाळणा बांधलाय, माझ्याच सारोंगचा. एवढं लिहून हात दुखला.

शुक्रवार, १२ जुलै

रोजे सुरू झाले आणि पहिल्याच उपासाच्या दिवशी दारात कोण उभं असावं? तुझा याफ्रिल! तुला मावसभावाकडे कामाला जातो सांगून निघाला ना? इकडे आला. जहाज, मग गाडी, मग पायी. पाठ अशी वाकलेली की आधी वाटलं कुणी म्हातारा भीक मागतोय. चपला हातात धरून खालच्या पायरीवर बसला. पोरगा चांगला आहे गं, मी कधी नाही म्हटलं? नाकीडोळी नीट, बोलणं हळू. त्याची चूक एवढीच, की तो आपला आहे.

योगायोग बघ, त्याच दिवशी पाहुणे सही-अंगठ्यांसाठी आलेले. सगळी जमलेली. बाईने खजुराच्या पेट्या आणलेल्या, उपास सोडायला.

याफ्रिल खालूनच म्हणाला, “आजी, मला काही नको. टेकडीही राहू दे. देस्माला आणि पोरीला घरात घ्या. तिकडे आम्हाला कुणी भाड्यानेही ठेवत नाही आता.”

मी म्हटलं, “घेऊ की. खोली झाडून ठेवलीय.”

“आणि मला?”

दातुकने घसा खाकरला. “तुम्हाला बाहेर काढलं ते नवरा-बायको म्हणून. भाऊ-बहीण म्हणून दार कधी बंद नव्हतं.”

हेंद्रीचे कान टवकारले. “हा मुलीचा भाऊ? मग याचाही अंगठा घ्या ना, दातुक. भावाची संमती असली की उद्या कुणी तक्रार करायला उरत नाही.”

“मी तिचा भाऊ नाही,” याफ्रिल म्हणाला.

जवानिस पेटीतला खजूर निवडत होती. ती म्हणाली, “भाऊ असशील तर वर ये, उपास सोड. नवरा असशील तर तिथेच बस. इतकं सोपं आहे बाळा, त्यात रडायचं काय?”

बाईने विचारलं, हा कोण. हेंद्री म्हणाला, नवरीचा भाऊ, लग्नाला आलाय, लाजतोय. बाईने वरून हात हलवला. त्यानेही हलवला. सवय असते ना.

बसला तिथेच. ऊन उतरलं. मी दोनदा सांगितलं, वर ये. नंतर सांगितलं नाही. मशिदीतून बांग झाली, आम्ही आत खजूर तोंडात घातले, पाणी प्यालो, मार्निसने आमटी वाढली. अर्धी चटईवर सांडली, मी रागावले तिला. तेवढ्यात पायरी वाजली. तो वर आला, आणि उंबऱ्यातच उभा राहून विचारलं, “अंगठा दिला तर देस्माला आणि पोरीला या घरातून कुणी काढणार नाही?”

“कोण काढणार?” दातुक म्हणाला. “तिच्याच आईचं घर आहे.”

“लग्न नका लावू तिचं.”

“लग्नासाठीच तर टेकडी गहाण पडतेय, पोरा. लग्न नाही तर कारण नाही, कारण नाही तर अंगठा कशाला, आणि अंगठा नाही तर ती या पायरीवर कुठल्या नात्याने येणार?”

याफ्रिलने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या पानात भात वाढला. भावाला वाढतात तसा, भरपूर, वर रेंदांगच्या मांसाचा मोठा तुकडा. तो खाली बसला. आधी अंगठा दिला, मग खाल्लं. दातुकने सांगितलं, रीतीप्रमाणे तोंडानेही म्हण. तो म्हणाला, “देस्मा माझी बहीण आहे.” आवाज बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला. बाईला वाटलं बहिणीचं लग्न ठरल्याने गहिवरलाय. तिने त्याचा फोटो काढला.

मला विचारत होता, “देस्माला कोण सांगणार?” मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी पत्र चांगलं लिहिते.

परत जोहोरला जाऊ का म्हणाला. दातुकने सांगितलं, बहिणीच्या लग्नाची तयारी भावानेच करायची असते. मशिदीत झोपतो, दिवसा आपल्या अंगणात लाकडं फोडतो. एक घाव घातला की कमरेवर हात ठेवून उभा राहतो. मी तेल गरम करून देते. मार्निस त्याच्याकडे बघत नाही, माझ्याकडेही बघत नाही, तिला उपास सोसत नसावा.

तर आता तिकडे तुझं कुणी राहिलं नाही, देस्मा. ज्याच्यासाठी गेलीस तो इथे आहे, आणि तो तुझा भाऊ आहे. टेकडीवर कालपासून मोठी गाडी फिरतेय, जुनी झाडं मुळासकट बाहेर येतायत, गावभर ओल्या मातीचा वास सुटलाय. पोरीला घेऊन ये. नाही आलीस तरी मांडव पडणारच, तान बासाने शेळ्या बांधून ठेवल्यात. पण ये. मला तिचे दात बघायचेत.

पाहुणे लग्नाला येतो म्हणाले. बाई आपल्यासारखा सोनेरी जरीचा पोशाख घालणार आहे, माप देऊन गेली, यंत्रही त्याच दिवशी उतरणार. मी म्हटलं, परदेशी माणसं येतो म्हणतात आणि येत नाहीत. तर तिने छातीवर हात ठेवून वचन दिलं. ईदनंतरचा दुसरा मंगळवार, वीस ऑगस्ट.